वेड्याचें पळून जाणें : कागदांत व कायद्यांत

जुने कागद जमविणाऱ्यास मुद्रा, मोर्तब आणि सन इतकें जुळलें म्हणजे समाधान वाटतें. परंतु ज्याच्या नांवाची मुद्रा, तो मनुष्य त्या दिवशीं शुद्धीवर होता काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं इ. स. १८०८ ते १८११ या काळांतील, यशवंतराव होळकराच्या नांवें निघालेले कागद असतील, तर ते बाहेर काढून पुढील मजकूर वाचावा, अशी विनंती आहे. विषय वेडेपणाचा, किंबहुना त्याहून लहान, म्हणजे कोंडलेल्या वेड्याच्या पळून जाण्याचा आहे. लहान असला तरी त्यांत राज्याचा कारभार, वारसाहक्क आणि गरीब घराची अब्रू ह्या तिन्ही गोष्टी येतात. त्यांतली तिसरी गोष्ट मला फार उशिरां समजली. ती शेवटीं सांगेन.

यशवंतरावाचा पूर्ववृत्तांत वाचकांस ठाऊकच आहे. तुकोजी होळकराच्या मृत्यूनंतर गादीविषयीं तंटा लागला. थोरला मुलगा काशीराव हा बुद्धीनें मंद व शरीरानें अधू होता. दुसरा मल्हारराव कर्तबगार होता. त्यास दौलतराव शिंद्याच्या फौजेनें १७९७ च्या सप्टेंबरांत पुण्यास मारिलें. यशवंतराव नागपुरास पळाला. तेथें रघूजी भोसल्यानें त्यास आश्रयाऐवजीं कैद दिली, आणि त्या कैदेंतूनही तो निसटला. पुढें १८०२ च्या आक्टोबरांत हडपसरची लढाई जिंकून त्यानें पुणें घेतलें, इंग्रजांशीं झुंज दिली, आणि १८०५ च्या अखेरीस राजपूरघाटचा तह करून तो माळव्यांत परतला. भानपुऱ्यास त्यानें तोफा ओतण्याचा कारखाना मांडला. भट्टीच्या धगीपाशीं तो स्वतः दिवसदिवस उभा राही, आणि मद्यपानही बेसुमार चाले. १८०८ सालीं त्याची बुद्धि फिरली. त्याच सुमारास काशीरावाचा खून झाला होता व पुतण्या खंडेराव हाही त्याआधीं मेला होता. त्या पापाचें हें फळ, असें लोक बोलूं लागले. कार्यकारणाचा हा निर्णय इतिहासकाराच्या अधिकारांतला नव्हे. पण लोकांची समजूत हाही एक पुरावाच असतो, म्हणून नोंदवितों.

माल्कमनें आपल्या मध्य हिंदुस्थानवरील ग्रंथांत (१८२३) या वेडाची जी हकीकत दिली आहे, ती त्यानें त्या दरबारांत वावरलेल्या माणसांकडून मिळविलेली आहे. तींत एक प्रसंग आमच्या विषयाचा आहे. एके रात्रीं यशवंतराव राहत्या जागेंत सांपडेना. शोध घेतां तो जुन्या तंबूंच्या गठ्ठ्यांत लपलेला आढळला. छावणीबाहेर निसटण्याचा त्याचा बेत असावा, असें पाहणारांस वाटलें. त्यानंतर त्यास दोरखंडांनीं बांधून वेगळ्या तंबूंत पहाऱ्यांत ठेवण्यांत आलें. आवरावयास पुष्कळ माणसें लागत, आहार दुधाचा असे. पुढें आवेश ओसरला व वाचाही गेली. अशा स्थितींत सुमारें तीन वर्षें काढून तो २८ आक्टोबर १८११ रोजीं भानपुऱ्यास वारला.

ज्या मनुष्यानें नागपूरच्या कैदेंतून पळून जाऊन राज्य मिळविलें, तो दहा वर्षांनीं स्वतःच्याच छावणींतून पळूं पाहतो. पहिल्या पळण्यास आपण पराक्रम म्हणतों आणि दुसऱ्यास वेडाचें लक्षण म्हणतों. माझ्या मतें दुसऱ्या पळण्यांतही कांहीं समज शिल्लक होती. आपल्याला बांधण्याची तयारी चालली आहे, हें त्यास कळलें असावें. वेड्याचें प्रत्येक कृत्य वेडाचेंच असतें, हें गृहीत धरण्याची आपल्याला संवय लागली आहे; आणि पुढें पाहूं, कीं कायदाही बराच काळ तसेंच गृहीत धरीत आला.

आतां कागदांचा प्रश्न. या तीन वर्षांत होळकरी कारभार तुळसाबाईच्या हातीं होता. बाळाराम शेट हा कारभारी, आणि अमीरखान हा बाहेरून दाब ठेवणारा. तथापि मुद्रा यशवंतरावाचीच चाले. १८०९ सालीं अमीरखान नागपूरकरांवर चालून गेला, तेव्हां त्यानें मागणी कोणती पुढें केली? रघूजीनें यशवंतरावास कैदेंत असतांना जें जवाहीर काढून घेतलें, तें परत द्या, ही. म्हणजे बांधून ठेवलेल्या वेड्याच्या नांवानें, त्याच्या पहिल्या कैदेचा हिशेब मागितला जात होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो यानें होळकर दरबारास विचारणा केली, कीं ही स्वारी तुमच्या संमतीनें आहे काय, दरबारानें नाकारलें. अमीरखानानें जें नांव पुढें केलें, त्याच नांवाच्या दरबारानें हात झटकले; खुद्द यशवंतरावास कोणी विचारलें नाहीं, व विचारून उपयोगही नव्हता. म्हणून माझी सूचना अशी, कीं या काळांतील होळकरी सनदा व पत्रें छापतांना संपादकानें ‘यशवंतराव म्हणतो’, ‘यशवंतरावानें इनाम दिलें’ अशी वाक्यरचना टाळावी. कागद दरबाराचा, मुद्रा यशवंतरावाची, इतकेंच म्हणावें.

असे कागद शास्त्रतः ग्राह्य होते काय? आमच्या स्मृतिकारांनीं हा प्रश्न पुरता ओळखिला होता. मत्त, उन्मत्त, आर्त इत्यादिकांनीं केलेला व्यवहार सिद्ध होत नाहीं, हें मनूनें आठव्या अध्यायांत व याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत सांगितलें आहे. दायविभागांत उन्मत्तास व जन्मजडास अंश नाहीं. परंतु त्यांचें भरणपोषण अंश घेणारांनीं यावज्जीव केलें पाहिजे, नाहीं तर ते पतित होतात. उन्मत्त म्हणजे कोण, हें विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत वैद्यकाच्याच परिभाषेनें स्पष्ट केलें आहे : वात, पित्त, कफ, सन्निपात किंवा ग्रहावेश यांपासून झालेल्या उन्मादानें जो ग्रासला तो. आणि पुढें महत्त्वाची पुस्ती जोडली आहे, कीं विभागानंतरही औषधादिकांनीं दोष निघून गेल्यास त्यास अंश मिळावा. कल्याणीच्या चालुक्य दरबारांत, म्हणजे आमच्या मराठवाड्याच्या अगदीं शेजारीं, इ. स. ११०० च्या सुमारास बसून एका टीकाकारानें वेड हा बरा होणारा रोग आहे आणि बऱ्या झालेल्याचा हक्क परत आला पाहिजे, असें लिहून ठेवलें. उत्तरकालीन लोकांनीं अंश नाकारण्याचें वचन तेवढें पाठ केलें आणि पुस्ती विसरले. इंग्रजी राज्यांत १९२८ च्या कायद्यानें हे दोष वारसाहक्कास बाधक नाहींत असें ठरविलें, पण जन्मतः वेड्यास व जडास तेव्हांही वगळलें. ती शेवटची गांठ १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानें सुटली.

मात्र एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या सर्व वचनांत उन्मत्ताच्या पळण्याचा विचार कोठेंही केंद्रस्थानीं नाहीं. याचें कारण उघड आहे. ज्याला सरकारानें कोंडलें नाहीं, तो पळणार कोठून? वेड्याचें ठिकाण म्हणजे घर, किंवा रस्ता, किंवा देऊळ. चरकाच्या चिकित्सास्थानांत प्रक्षुब्ध रोग्यास मऊ पण बळकट पट्ट्यांनीं बांधून, लोखंड व लांकूड नसलेल्या अंधाऱ्या खोलींत ठेवावें असें सांगितलें आहे; परंतु तो उपचार आहे, हुकूम नव्हे. आणि लोकांची दृष्टि तर अधिकच सैल होती. ऋद्धिपुरच्या गोविंदप्रभूंच्या लीळा म्हाइंभटानें गोळा केल्या आहेत. महानुभावेतर वाचकानें त्या वाचल्या तर पहिली गोष्ट जाणवते ती ही, कीं गांवानें त्यांस वेडे म्हणावें, त्यांनीं वाटेल त्या घरांत शिरावें, वाटेल तें उचलावें, आणि तरीही गांवाचें त्यांच्यावांचून चालूं नये. वेडा, पिसा, खुळा, भ्रमिष्ट, अवलिया, हे शब्द आमच्या भाषेंत एकमेकांच्या शेजारीं राहतात. चिखलीजवळच्या सैलानीच्या दर्ग्यास होळीच्या सुमारास आमच्या हिंगोली भागांतून गाड्याच्या गाड्या अजून जातात. त्यांत कोणास बांधून नेलेलें असतें, कोणी आपण होऊन गेलेला असतो. त्या सैलपणाचें मी गुणगान करीत नाहीं. त्याच सैलपणाच्या आड साखळदंडही असतो. तामिळनाडूंत एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं आग लागली, तेव्हां खांबांस जखडलेले २८ रोगी पळूं न शकल्यानें मेले. पळतां येणें ही गोष्ट किती मोलाची असते, हें त्या दिवशीं कळलें.

कोंडण्याचा सरकारी अधिकार कंपनीबरोबर आला. मुंबई इलाख्यांत कुलाब्यास वेड्यांचें इस्पितळ होतें. पुढें पुणें, धारवाड, अमदाबाद, रत्नागिरी येथेंही झालीं. मध्यप्रांतांत नागपूरचें १८६४ सालीं निघालें. ठाण्यास नौपाड्याचें इस्पितळ १९०१ मध्यें झालें, त्यानंतर येरवड्याचें. आणि ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ हे वाक्प्रचार मराठींत रुळले. गांवाच्या नांवास असा अर्थ चिकटल्यानें तेथील रहिवाशांस काय वाटत असेल, याचा विचार करण्याचें आम्हांस कारण पडलें नाहीं.

१८५८ सालीं एकाच वर्षीं वेड्यांविषयीं तीन कायदे झाले, नंबर ३४, ३५ व ३६. पहिले दोन मिळकतीचे, तिसरा इस्पितळांचा. त्या तिसऱ्यानें पोलीस दरोग्यावर असें कर्तव्य घातलें, कीं आपल्या हद्दींत भटकत असलेला वेडा दिसल्यास त्यास धरून मॅजिस्ट्रेटापुढें न्यावें. येथून भटकणें हीच धरण्याची खूण झाली. हे सर्व कायदे एकत्र करून १९१२ चा चौथा कायदा झाला, व तोच जवळजवळ ऐशीं वर्षें चालला. त्यांतील रचना थोडक्यांत अशी. नातेवाइकानें अर्ज करावा, दोन वैद्यांचे दाखले जोडावे, मॅजिस्ट्रेटानें दाखल करण्याचा हुकूम द्यावा. किंवा पोलिसानें भटकणाऱ्यास आणावें आणि मॅजिस्ट्रेटानें तपासून हुकूम द्यावा. आपण होऊन आलेल्यास चोवीस तासांची सूचना देऊन जातां येई. नातेवाइकानें नीट सांभाळण्याची हमी दिली तर रोगी घरीं सोडतां येई. ‘वेड्यांचें इस्पितळ’ हें नांव जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ हें नांव १९२० नंतरच्या काळांत आलें. भिंती त्याच राहिल्या.

पळण्याविषयींचें छत्तिसावें कलम मात्र सावकाश वाचण्यासारखें आहे. हुकुमानें दाखल झालेला मनुष्य निसटल्यास, त्याच जुन्या हुकुमाच्या बळावर पोलीस, इस्पितळाचा अंमलदार, नोकर, किंवा अंमलदारानें अधिकार दिलेला इसम त्यास पुन्हां धरून आणूं शके. त्या कलमांत शिक्षेचा शब्द नाहीं. तुरुंगांतून पळणाऱ्या कैद्याचें पळणें हा नवा गुन्हा होतो. वेड्याचें पळणें हें केवळ जुन्या हुकुमाचें खंडण असतें. परंतु पुढें एक परंतुक आहे : गुन्हा केलेला वेडा सोडून इतरांच्या बाबतींत हा पुन्हां धरण्याचा अधिकार पळाल्या दिवसापासून एक महिनाच चाले. महिना उलटला कीं हुकूम मेला. नंतर त्यास आणावयाचें तर नवा अर्ज, नवे दाखले, नवा हुकूम.

हा महिना कोठून आला? मूळ कल्पना इंग्लंडांतली आहे. तेथील १८९० च्या कायद्यांत ती मुदत चौदा दिवसांची होती. त्यामागची युक्ति, माझ्या समजुतीप्रमाणें, अशी : जो मनुष्य इतके दिवस बाहेर राहून खातो, पितो, निजतो आणि कोणास इजा करीत नाहीं, त्यास कोंडण्याची गरज आहे असें समजण्याचा आधार ढासळतो. म्हणजे पळणें हीच एक परीक्षा होते. हिंदुस्थानांत अंतरें मोठीं, म्हणून पंधरवड्याचा महिना केला असावा. हा माझा तर्क आहे.

दोन गैरसमज येथेंच दूर करतों. महिना टळल्यानें मनुष्य कायद्याच्या दृष्टीनें शहाणा ठरत नसे. मिळकतीची चौकशी जिल्हा न्यायालयांत वेगळी चाले. तेथें एखाद्याच्या जमिनीवर व्यवस्थापक नेमलेला असेल, तर तो पळण्यानें दूर होत नसे. तेव्हां जुन्या खरेदीखतावर ‘वेडा ठरल्यावरून व्यवस्थापकामार्फत’ असे शब्द दिसले, तर तो खातेदार त्या वेळीं इस्पितळांत असेलच असें समजूं नये. आणि दुसरें, गुन्हा करूनही वेडामुळें दोषमुक्त ठरलेल्यांस या महिन्याचा लाभ नव्हता. त्यांच्याविषयींचें भय लोकांत सर्वांत अधिक, आणि तें सर्वस्वीं निराधारही नव्हे. इंग्लंडांत ब्रॉडमूर येथून १९५२ च्या २९ एप्रिलला जॉन स्ट्रॅफन हा निसटला व चार तासांच्या आंत त्यानें एका लहान मुलीचा जीव घेतला. त्यानंतर तेथें आसपासच्या गांवांस इशारा देण्यासाठीं भोंगे बसविले गेले व अनेक वर्षें दर सोमवारीं त्यांची चांचणी होत असे. परंतु भोंगा एकदां बसला, कीं तो कोणासाठीं वाजतो हें लोक विचारीत नाहींत. एका स्ट्रॅफनची छाया शेंकडों निरुपद्रवी माणसांवर पडते, आणि ही गोष्ट विलायतेंतच घडते असें नाहीं.

आमच्या हिंगोलीकडे हा कायदा उशिरां आला. हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याचें वेड्यांचें इस्पितळ जालन्यास होतें, आणि तें १९५३ सालीं हैदराबादेस हलविलें गेलें. त्यानंतर दीर्घ काळ मराठवाड्यांतील रोग्यास येरवड्याची किंवा नागपूरची वाट धरावी लागे. परिणाम असा, कीं पळून येणाऱ्याची वाटही तितकीच लांब झाली. संग्राहकांनीं जालन्याच्या इस्पितळाच्या काळांतील घरगुती कागद शोधावयाचे असतील, तर मोडी रुमालांबरोबर उर्दू कागदही उलगडावे, कारण निजामी कचेरीची भाषा ती होती. वारसाच्या तंट्यांत ‘चुलते जालन्यास आहेत’ एवढाच उल्लेख येतो. वाचणारा समजतो, व्यापारास गेले असतील!

१९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. तो अंमलांत आला १ एप्रिल १९९३ पासून. त्यांतही पळालेल्यास परत आणण्याचा अधिकार ठेवलेला होता, आणि कैदी रोगी सोडून इतरांस तोच एक महिना. हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. आतां तें सांगतों.

१९९४ सालची गोष्ट. हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांत होतें. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. कळमनुरीच्या बाजूस एका खेड्यांतील शाळेंत मी संस्कृत व मराठी शिकवीत होतों. माझ्या एका विद्यार्थ्याचा चुलता दोन वर्षांपूर्वीं घरांतून निघून गेला होता. दूरच्या एका स्टेशनावर भटकतांना पोलिसांनीं त्यास धरिलें आणि मॅजिस्ट्रेटाच्या हुकुमानें तो एका इस्पितळांत गेला. एके दिवशीं तो तेथून निघाला, तो अकोल्याकडून येणाऱ्या मीटरगेज गाडीनें हिंगोलीस उतरून पायीं घरीं आला. भावानें त्यास आंघोळ घातली, वहिनीनें ताट वाढलें. दुसऱ्या दिवसापासून तो शेळ्या राखूं लागला. सायंकाळीं खोपटांत आणतांना तो त्या दोनदां मोजी, आणि मोजतांना मोठ्यानें बोले. याहून अधिक वेड मीं त्याच्यांत पाहिलें नाहीं.

इस्पितळाचें पत्र पोलीस ठाण्यावर आलें. तें पोलीस पाटलानें चावडीवर वाचून दाखविलें, आणि त्या दिवसापासून गांवाची दृष्टि पालटली. बाजाराच्या दिवशीं एक पोर त्यास पाहून किंचाळलें. कोणी म्हणालें, त्यानें दगड उचलला होता. उचललेला कोणी पाहिला नव्हता. घरांत एक उपवर पुतणी होती, पाहुणे यावयाचे होते. गांवकरी माझ्याकडे आले, कारण अर्जाची भाषा गुरुजींस येते. मीं अर्ज लिहिला. शुद्ध लिहिला. ‘सदर इसम मोकळा राहिल्यास अनर्थ ओढवण्याचा संभव आहे’ असें एक वाक्य त्यांत होतें. तें मला गांवानें सांगितलें नव्हतें. अर्जास वजन यावें म्हणून मींच घातलें.

पोलीस आले, तो त्याच्या निघण्यापासूनचा सव्विसावा दिवस होता. तो कांहीं बोलला नाहीं. जीपमध्यें बसतांना, खोपटाचें फाटक कोण लावणार, इतकें त्यानें पुतण्यास विचारलें.

तो पुतण्या पुढें वकिलीचें शिकला. १९९७ च्या दिवाळींत तो माझ्याकडे आला, पिशवींतून कायद्याचें पुस्तक काढलें आणि तें कलम उघडून माझ्यापुढें ठेवलें. तो म्हणाला, “गुरुजी, आणखी पांच दिवस आपण थांबलों असतों, तर हा हुकूम संपला असता.” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. मीं तें कलम तीनदां वाचलें. व्याकरणाच्या दृष्टीनें त्यांत संदिग्ध असें कांहींच नव्हतें. त्याच वर्षीं त्याचा चुलता रीतसर सुटून घरीं आला होता. शेळ्या तोंवर विकल्या गेल्या होत्या, आणि पुतणीचें लग्न झालें होतें.

माझ्या बाजूनें एवढें म्हणतां येईल, कीं त्या कलमाची माहिती पाटलास नव्हती, ठाण्यावर कोणी बोललें नाहीं, आणि मीं विचारलें नाहीं. पहिल्या दोन गोष्टी इतरांच्या आहेत, तिसरी माझी.

आज कायदा पुष्कळ बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अंमलांत आला. त्याच्या ९२ व्या कलमानें, परवानगीवांचून निघून गेलेल्यास पोलिसांकरवीं परत आणण्याची तरतूद फक्त कैदी रोग्यांपुरती ठेवली आहे. इतरांस ती लागू नाहीं. महिन्याचा प्रश्नच उरला नाहीं. रस्त्यावर भटकणारा रोगी आढळल्यास पोलिसांनीं त्यास संरक्षणांत घ्यावें, समजावून सांगावें, कोठडींत ठेवूं नये, आणि चोवीस तासांच्या आंत सरकारी आरोग्यसंस्थेंत न्यावें, असें शंभरावें कलम सांगतें. त्याची नोंद आतां हरवलेला मनुष्य म्हणून व्हावयाची आहे, आणि घर शोधण्याचें काम ठाणेदाराचें आहे. १८५८ च्या दरोग्याचें काम धरण्याचें होतें, याचें पोहोंचविण्याचें आहे. तें काम प्रत्यक्षांत कसें होतें, याचा अनुभव कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेस आहे. रस्त्यावरच्या अशा माणसांस उपचार करून त्यांच्या गांवीं पोहोंचविण्याच्या कामाबद्दल डॉ. भरत वाटवानी यांस २०१८ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

तथापि चावडीवरचें पत्र वाचणारे कान कोणत्याही कायद्यानें बदललेले नाहींत. आमच्या जिल्ह्यांत अजूनही ‘पळून आला’ हा शब्द ‘सुटून आला’ यापेक्षां लवकर पसरतो. अर्ज लिहून देणारे गुरुजी अजूनही आहेत. त्यांपैकीं कोणी हें त्रैमासिक वाचीत असेल, तर ९२ वें व १०० वें कलम एका कागदावर उतरवून टेबलाच्या खणांत ठेवावें.

संग्राहकांस एक सूचना करून हें टिपण संपवितों. दाखल करण्याचे हुकूम, वैद्यांचे दाखले, हमीपत्रें, इस्पितळांतून आलेलीं पोस्टकार्डें, हे कागद जुन्या घरांतून सर्वांत आधीं जाळले जातात. सांपडल्यास ते जपावे; प्रसिद्ध करतांना नांव व गांव गाळावें, तारीख मात्र गाळूं नये. पळाल्याची तारीख आणि धरल्याची तारीख ह्या दोहोंच्या मधलें अंतर कागदावर असलें, तर त्या मनुष्याची अर्धी हकीकत हातीं लागली असें समजावें.

माझ्या अर्जाची कार्बन प्रत माझ्या दप्तरांत आहे. ती मीं फाडली नाहीं. पाठीवर पेन्सिलीनें नोंद केली आहे : निघाल्यापासून दिवस २६, मुदत एक महिना, मजकुरांतील चौथें वाक्य लेखकाचें.